माझ्या वाट्याची ऊब

उष्णता तीन प्रकारे पसरते. वहन, अभिसरण आणि प्रारण. बार्शीला मुलींच्या शाळेत मी हे इतकी वर्षं शिकवलं, की माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही बाईला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. नाही सांगितलं तर तिनं माझं नाव घेऊ नये. तर अशी मी, हेमलता सुरवसे, शास्त्राची बाई. आणि मुलाच्या घरी उबेचं यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा मी काय म्हणाले? "मला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला आवडेल ते घ्या."

कप्पाळ माझं!

ह्यांच्या पश्चात शार्दूल मला इकडे कॅनडात घेऊन आला. गावाचं नाव सास्काटून. "नावातच सास आहे, तुझं कसं होणार गं बाई," असं मी सुनेला पहिल्याच दिवशी म्हटलं. मृण्मयी हसली, पण जरा बेतानंच. शार्दूल खतांच्या कंपनीत, ती दातांच्या दवाखान्यात. नात रेवा शाळेत. हिवाळा म्हणाल तर असा, की डोळ्यांतलं पाणी पापणीवर गोठतं. पूर्वी इथे घरोघरी तळघरात गॅसची भट्टी असायची. ती धडधडायची आणि अख्खं घर सारखं तापायचं. मग हवेच्या काळजीपोटी सरकारनं घरांतल्या भट्ट्या बंद केल्या आणि प्रत्येक घराला हिवाळ्यापुरता ऊर्जेचा ठरावीक वाटा नेमून दिला. त्या वाट्यात भागेल असं यंत्र घ्यायला आम्ही सगळे दुकानात गेलो होतो.

दुकानात तीन तऱ्हा मांडल्या होत्या. पहिलीत फरशीखालून कोमट पाण्याच्या नळ्या. फरशी तापते, पाय तापतात. हे वहन. दुसरीत बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून खोलीत गरम वारा सोडायचा. हे अभिसरण. आणि तिसरी नवी, तिच्यापुढे गर्दी. तिच्यात हवा तापवायचीच नाही. छतात पट्ट्या बसवायच्या आणि त्यांनी ज्याला थंडी वाजते त्याच्याच अंगावर उष्णतेचे किरण सोडायचे. डोंगरावर हवा गार असते पण उन्हात उभं राहिलं की बरं वाटतं ना, तसं. माणूस उठून चालायला लागलं की त्याचं ऊन त्याच्याबरोबर चालतं. हे प्रारण.

आता कोणाला थंडी वाजते हे त्या यंत्राला कसं कळतं, ते नीट ऐका. थंडी वाजायला लागली की शरीर पोटातली ऊब वाचवायला बघतं. नाकाचा शेंडा, कान, बोटं इथल्या बारीक रक्तवाहिन्या ते आवळून घेतं. त्यामुळे नाक आधी गार पडतं, आणि आपल्याला थंडी वाजतेय हे आपल्याला त्यानंतर कळतं. छतातला डोळा सतत कपाळ किती गरम आणि नाक किती गार एवढंच बघतो. शिवाय मनगटावर एक पट्टा, म्हणजे कोण कुठे बसलंय ते त्याला समजावं. आणि रोज सकाळी ते तोंडानंही विचारतं. बघणं आणि विचारणं जमवून ते प्रत्येकाचा स्वभाव शिकतं आणि घरातली ऊब वाटतं.

मला मनातून फरशीवालं हवं होतं. पायाला ऊब लागली की मला स्वर्ग. पण आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? पाहुणा म्हणतो नको, यजमान म्हणतो असं कसं, पाहुणा पानावर हात आडवा धरतो, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की जिलबी बोटांच्या फटीतून पानात पडते. मग ती खाणारा चवीनं खातो. शार्दूलनं मला एकदा विचारलं, मी एकदा तुम्हाला आवडेल ते म्हटलं, आणि तो त्या तिसऱ्याचे पैसे द्यायला गेला.

यंत्राचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. मी त्याला बंब म्हणायचे. बंब मराठी बोलायचा, तेही अगदी साजूक.

"आजी, ऊब पुरेशी आहे का?"

"आहे रे बाबा. माझं काय, चालेल. पोरीला बघ आधी."

पहिल्या हिवाळ्यात मला थंडी वाजायची, खोटं कशाला बोलू. पण मुलगा-सून दिवसभर राबतात, पोर शाळेतून काकडून येते, आणि आपण खुर्चीत बसून ऊब मागायची? जिभेवर येईना. मी शाल ओढून बसायचे. बंबानं विचारलं की चालेल म्हणायचे. तो "धन्यवाद, आजी" म्हणायचा आणि गप्प बसायचा. आग्रह करणं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आमची सगळी गल्ली उबेच्या बचतीत आमच्या मागे होती आणि शार्दूल ते ज्याला त्याला कौतुकानं सांगायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात मला थंडी वाजायची बंद झाली. मला वाटलं, चला, सवय झाली. पण त्याच सुमारास डोकं चालेनासं झालं.

सकाळी खुर्चीत बसले की डोळ्यांपुढे धुकं. हातात वाटी घ्यायची आणि वाटीला काय म्हणतात ते आठवायचं नाही. रेवाला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली. शेगडीवर दूध ठेवलं आणि समोर उभी राहून ते उतू जाताना बघत बसले, काहीतरी करायला हवं एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. जीभ जड. शब्द गुळाच्या घट्ट पाकातून ओढून काढावा तसा यायचा. जिनं मुलींना आवर्तसारणी तोंडपाठ करायला लावली, ती मी! भीती वाटली हो. आणि त्यातही मी काय केलं, तर लपवलं. विचारलं की हसायचं, "वय झालं आता."

लपणार किती दिवस? शार्दूलनं डॉक्टरांची वेळ घेतली. आता दवाखान्यात कोण जातंय? सकाळी माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीसमोर व्हिडिओचा पडदा लावला आणि पलीकडून डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घेतली. घड्याळ काढा. काढलं, सगळे आकडे एका बाजूला. हे पाच शब्द लक्षात ठेवा. एकच लक्षात राहिला. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा, आणखी वाईट. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, आणि आता स्वतः नापास होत होते, तेही मुलासमोर. त्या रात्री उशीत तोंड घालून रडले.

विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दुसऱ्या गावात एक निवास होता. बर्फाच्या दिवसांत गाडीनं जायला अर्धा दिवस. शार्दूल चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत आला. त्याच्याभोवती त्याचं ऊन पडलेलं असणार, कारण तो नुसत्या शर्टात आरामात बसला होता.

"आई, तिथे चोवीस तास नर्स असतात. एक मराठी बोलणाऱ्या बाईही आहेत म्हणे. इथे आम्ही दोघं कामावर, तू एकटी, परवा दूध... भीती वाटते गं. तुला चालेल ना?"

मला जायचं नव्हतं. पण तोंडातून सवयीनं आलं, "चालेल की."

मी वाट बघत होते. आता हा म्हणेल, असं कसं आई, तुला खरंच जायचंय का? तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाहेर गेला, आणि फोनवर त्यानं जागा नक्की केल्याचं मला ऐकू आलं. महिनाअखेरीला जायचं ठरलं.

मधे संक्रांत आली. इथलं महाराष्ट्र मंडळ दरवर्षी हॉल घेतं आणि बायका तिथेच गुळपोळ्या करतात. मृण्मयी मला घेऊन गेली. शेवटचा सण, असं तिच्या मनात असावं. तो हॉल जुना, सार्वजनिक म्हणून त्याची भट्टी अजून राहिलेली. ती खाली घरघरत होती आणि वर चार शेगड्यांवर चार तवे. मला एका खुर्चीत बसवलं, हातात तिळगुळाची वाटी दिली, लहान मुलाला देतात तशी. बसले. बसून राहिले.

तासाभरानं माझ्या लक्षात आलं, की मी वैजूवर ओरडतेय. वैजू म्हणजे मंडळाची अध्यक्ष, मोठी मानाची बाई.

"अगं ए, तवा केवढा तापवलास! गूळ बाहेर येऊन करपतोय, दिसत नाही? आच कमी कर. आणि गुळात बेसन भाजून घातलंयस का? नाही? मग तो धरून कसा राहील? सरक बाजूला."

मी उठले आणि लाटणं हातात घेतलं. पोळीचा गूळ पार कडेपर्यंत गेला पाहिजे, ही गुळपोळीची खरी परीक्षा, आणि माझा जात होता. एकीकडे पाक आणि गूळ वितळण्यावर व्याख्यान चालू. वैजूनं एक उखाणा अर्धाच घेतला, तो मी पुरा केला. ज्या मुलींची नावं घरी आठवत नव्हती, त्यांच्या सासवांचीसुद्धा माहेरं मी सांगत होते. बायका म्हणाल्या, "काकू, आज फॉर्मात!" मृण्मयी तूप लावायचं सोडून माझ्याकडे बघत उभी होती.

घरी जायला गाडीत बसलो. तिनं गाडी सुरू केली, पण हलवली नाही.

"आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार. राग आला तर येईल."

"तुम्ही घरी अशा का नसता? मी आज बघत होते. तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही असं वाटलं." तिचे डोळे भरले. "आम्ही काही चुकतोय का? घरात तुमचं मन लागत नाही का?"

"वेडी आहेस का? मन लागत नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी सुनावलं असतं," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझ्यातली शास्त्राची बाई जागी झाली. "थांब. रडू नको, विचार कर. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ह्याच बायका आपल्या घरी आल्या होत्या. तेव्हा मी कशी होते?"

"गप्प. वैजूताईंना ओळखलंसुद्धा नाही तुम्ही."

"माणसं तीच. गप्पा त्याच. मीही तीच. मग बदललं काय?"

"जागा," ती म्हणाली.

"जागेत काय?"

ती विचारात पडली. मग तिनं स्वतःचा हात गालाला लावला. "आई, तिथे केवढं गरम होतं! मला तर घाम फुटला होता. सगळ्यांनाच."

"सगळ्यांनाच," मी म्हटलं. "हेच. उद्या सुट्टी काढ. आपल्याला प्रयोग करायचाय."

सकाळी मी नेहमीसारखी खुर्चीत बसले. डोकं पुन्हा जड व्हायला लागलं होतं, म्हणून काय करायचं ते मी तिला आदल्या संध्याकाळीच घोकून घ्यायला लावलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. आधी तिनं माझ्या तोंडात तापमापक धरला. त्यावर आकडाच येईना. नुसतं "लो".

"सेल गेला वाटतं," ती म्हणाली. नवा सेल घातला. पुन्हा लो. मग तिनं तोच स्वतःच्या तोंडात धरला आणि आकडा अगदी व्यवस्थित आला. तिनं माझ्याकडे बघितलं. तापमापक असतो ताप बघायला. त्याच्याही खाली माणूस उतरलेलं असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही.

"आई, तुमचे हात तर गरम आहेत!"

"हात सोड. पाठीला हात लाव."

तिनं ब्लाउजच्या आत मानेखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई!"

ती लगेच रजई आणायला धावली, पण मी तिला थांबवलं. आधी प्रयोग. माझा पट्टा तिच्या मनगटावर, तिचा माझ्या. ती माझ्या खुर्चीत, मी तिच्या सोफ्यावर. म्हणजे माणूस बदललं, पण बंबाच्या लेखी खातं ज्याचं त्याचं तिथेच.

थोड्याच वेळात माझ्या पाठीवर कोवळं ऊन पडलं. काय सांगू! हे घरातले सगळे रोज उपभोगत होते, आणि मला ते असतं हेच ठाऊक नव्हतं. आधी खांद्यांना मुंग्या आल्या. मग मला हुडहुडी भरली. गंमत बघा, थंडीत नाही, उबेत. इतके दिवस शरीर कुडकुडायचंसुद्धा विसरलं होतं, ते आता कुठे आठवलं.

आणि समोर मृण्मयी! नाक लाल, ओठ पांढरे, हात काखेत. कारण बंबानं माझ्याबद्दल एकदा ठरवून टाकलं होतं, की ह्या बाईला थोड्यात भागतं. माझ्या वाट्याचं ऊन तो कधीच बाकीच्यांत वाटून मोकळा झाला होता. तेवढ्यात त्याची विचारायची वेळ झाली.

"आजी, ऊब पुरेशी आहे का?"

"नाही!" मृण्मयी ओरडली. दातावर दात आपटत होते.

"क्षमा करा, आजी. हे उत्तर तुमच्या नेहमीच्या उत्तरांशी जुळत नाही. मी थोडी वाट पाहून पुन्हा तपासतो."

मृण्मयी उठली, पट्टा काढून भिरकावला, आतून रजई आणली आणि येऊन मला मिठी मारली. नुसती मिठी नाही, रजईसकट. "आई, तुम्ही बोलत का नाही हो? भीड ही भिकेची बहीण, आमच्या घरी सारखं म्हणायचे. दोन हिवाळे तुम्ही अशा बसलात! आमच्या शेजारी! मी समोर बसून चहा प्यायचे, मला काही जाणवलं नाही. कसं जाणवणार? मला ऊब मिळत होती." ती हमसून रडायला लागली. मीही रडले. एवढ्या दिवसांत आम्ही दोघी एकमेकींना पहिल्यांदाच घट्ट धरत होतो.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या पटकन समजल्या. हळूहळू ऊब द्या, कोमट प्यायला द्या, एकदम गरम पाण्यात बसवू नका, म्हणाल्या, आणि परिचारिका घरी पाठवली. मग त्यांनी खुलासा केला, तो मी तुम्हाला सोपा करून सांगते. म्हातारपणी त्या बारीक रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या आवळत नाहीत. नाक, हात गरमच राहतात, आणि पोटातली ऊब त्यांच्यातून गळत जाते. बंब नाक बघायचा. माझं नाक म्हणायचं, मजेत आहे. बंब विचारायचा, माझं तोंड म्हणायचं, चालेल. शरीर आणि जीभ दोघांनी मिळून मला फसवलं. आतून गार पडलेल्या माणसाचा मेंदू मंद होतो, बोलणं अडखळतं. आधीच्या दोन्ही परीक्षा त्यांनी रद्द धरल्या. महिनाभर उबेत राहा, मग पुन्हा बघू, म्हणाल्या.

संध्याकाळी शार्दूल आला. मृण्मयीनं त्याला दारातच सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, आणि मग त्याला राग आला, तो बंबावर. त्यानं तिथेच कंपनीला फोन लावला आणि मोठ्यांदा बोलायला लागला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मी नोंदी पाहतेय. तुमच्या आईंची आजवर एकही तक्रार नाही. तुमच्या घरात त्याच सर्वांत समाधानी आहेत."

शार्दूलनं फोन बंद केला. "काढून टाकतो हे उद्याच्या उद्या! आई, फरशीतलं घेऊ या. का गरम हवेचं? का दोन्ही? नाहीतर तुझ्या खोलीपुरतं वेगळं. तू सांग. आणि त्या कंपनीला मी सोडणार नाही. यंत्राला एवढं कळू नये? एक माणूस रोज चालेल चालेल म्हणतंय, तर एकदा तरी पुन्हा विचारावं ना!"

"शार्दूल," मी म्हटलं.

"नाही आई, हे भयंकर आहे. एकदा विचारायचं आणि मोकळं व्हायचं?"

"शार्दूल, यंत्राला कशाला बोलतोस?" माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "ते बिचारं लोखंडाचं. परवा चहाचा कप घेऊन तू माझ्यासमोर बसलास. तुला चालेल ना म्हणालास. मी चालेल म्हटलं. आणि तू बाहेर जाऊन जागा नक्की केलीस. तू किती वेळा विचारलंस रे?"

त्याच्या हातातला फोन मृण्मयीनं काढून घेतला.

"मला वाटलं, तुला खरंच..."

"कसं वाटलं? माझ्याच पोटचा ना तू? तुझ्या उभ्या जन्मात मी कधी पहिल्या फटक्यात स्वतःसाठी हो म्हटलंय?"

अजून त्यानं विचारलेलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची मला सवय नव्हती. पण मी बोलले. "मला त्या निवासात जायचं नाही. परीक्षेत पास झाले तरी नाही आणि नापास झाले तरी नाही. मला इथे राहायचंय, तुमच्यात. आणि घरात फरशीवालं घ्या. माझे पाय गार पडतात. मला ते पहिल्यापासून हवं होतं."

एवढं बोलून मला दम लागला. शार्दूल माझ्याजवळ आला आणि खुर्चीपाशी गुडघे टेकून त्यानं माझी पावलं दोन्ही हातांत धरली. लहानपणी ताप आला की रडायचा, तसा रडत होता. मी त्याच्या केसांतून हात फिरवला.

मग त्यानं वर बघितलं.

"आई," तो म्हणाला, "अजून काय काय चालवून घेतलंस तू?"

मी मृण्मयीकडे बघितलं. तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि तीही बसली.

"नीट मांडी घालून बस," मी त्याला म्हटलं. "वेळ लागेल."